आप्पांची काळी ट्रंक

राजहंसगड (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या महिन्यात आमचे आप्पा गेले. सत्त्याहत्तर वर्षांचे होते. नात्यानं ते माझे कुणी नव्हेत. गावच्या हायस्कुलात गणित शिकवायचे, आणि बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, राकसकोपच्या अलीकडच्या आमच्या पट्ट्यात सगळी पोरं त्यांना आप्पाच म्हणायची. बारावं झाल्यावर काकींनी निरोप धाडला, "माळ्यावरची ट्रंक खाली काढायची हाय, तूच ये."

ती ट्रंक मी चांगली ओळखत होतो. काळी, पत्र्याची, एका कोपऱ्यात चेपलेली. झाकणावर पांढऱ्या रंगात आप्पांचा रोल नंबर आणि खाली 'किंग जॉर्ज स्कूल, बेळगाव'. झाकण उघडलं की आतल्या बाजूला एकाखाली एक आणखी सात नंबर आहेत. त्यातला तिसरा माझा. १९८४ साली मी मिलिटरी स्कूलला लागलो तेव्हा आमच्या घरी ट्रंक घ्यायची ऐपत नव्हती. आप्पांनी आपली रिकामी केली, तळाला नवा कागद घातला, आणि बारक्या ब्रशनं माझा नंबर आतून लिहिला. बाहेर का नाही, असं मी विचारलं होतं. म्हणाले, "बाहेरचा माझा हाय. तो राहू दे. तू आत लिही आणि आतच जा."

आप्पांबद्दल लिहायचं म्हणजे त्या शाळेबद्दल लिहायला हवं. आपल्यातल्या पुष्कळांना ती कॅम्पातल्या लोकांची शाळा वाटते. मुळात ती जवानांच्या पोरांसाठी निघाली. अशा शाळांची पायाभरणी १९२२ साली जालंधरला झाली, पुढं १९३० मध्ये अजमेरची आली, आणि दुसरं महायुद्ध संपलं त्या वर्षी, १९४५ ला, आपल्या बेळगावची. पुढच्याच वर्षी बेंगळुरूची. पलटणीतला माणूस मुलखाबाहेर लढतोय, त्याच्या पोराच्या शिक्षणाचं काय, हा त्यामागचा विचार. १९५२ साली पब्लिक स्कूलच्या धर्तीवर फेररचना झाली आणि अधिकाऱ्यांच्या व नागरिकांच्या मुलांनाही दार उघडलं. किंग जॉर्जचं नाव जाऊन १९६६ ला नुसतं मिलिटरी स्कूल झालं, २००७ ला राष्ट्रीय मिलिटरी स्कूल. नाव गेलं तरी तिथून बाहेर पडलेला माणूस आजही स्वतःला जॉर्जियन म्हणतो. आप्पाही म्हणायचे. त्यांच्या तोंडी ते राजाचं नाव नव्हतंच. आपल्याकडं गावावरून आडनाव पडतं ना, येळ्ळूरकर, कडोलकर, तसं ते होतं.

आप्पांचे वडील मराठा पलटणीत नाईक. इटलीच्या लढाईत होते. आप्पा १९५९ ला शाळेत गेले, अकरा वर्षांचे. इंग्रजी येत नव्हतं, हिंदीही जेमतेम. पहिल्या पावसाळ्याची गोष्ट ते दरवर्षी नव्या पोरांना सांगायचे. तिकडच्या, राजस्थान-हरयाणाकडच्या मुलांनी आपल्यासारखी झड कधी बघितलेली नव्हती. आठवडा-आठवडा ऊन नाही, कपडे वाळत नाहीत, पोरं रडकुंडीला आली. आप्पांनी काय करावं, बिछान्यावरचं कांबळं घेतलं, दुमडून टोक शिवल्यासारखं डोक्यावर बसवलं आणि खोळ करून दाखवली, आपल्याकडं भात लावताना घेतात तशी. दुसऱ्या दिवशी पंधरा पोरं खोळ घालून मैदानावर हजर. कवायत शिकवणारे उस्ताद मराठा पलटणीतले. बघून थांबले, आणि एवढंच विचारलं, "खोळ कुणी शिकवली?" आप्पांनी हात वर केला. सांगायचे, "त्या दिवसापर्यंत मला वाटायचं, मी सोडून सगळ्यांना सगळं येतंय. माझ्या गावचं एक तरी तिथं चाललं."

१९६५ ला शाळा संपली. परेडला पुढं, गणितात पहिले, मैदानावर दमदार. सैन्यात अधिकारी व्हायची लेखी परीक्षा पास, निवड मंडळाच्या पाच दिवसांतूनही पार झाले. मग वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं. रंगीत ठिपक्यांत आकडा दडलेला असतो, तो वाचायचा. आप्पांना बहुतेक पानांवर आकडा दिसेना. लाल-हिरव्याचा फरक त्यांना जन्मापासून कळत नव्हता आणि हे त्या दिवसापर्यंत कुणालाच, त्यांनाही, माहीत नव्हतं. काजूचं बोंड पिकलं की नाही ते त्यांना लहानपणापासून वासानं कळायचं. सगळ्यांना असंच कळतं, असं ते धरून चालले होते.

गावी परत आले तेव्हा लोक तोंडावर बोलले. सरकारनं सहा वर्षं पोसलं, शिकवलं, आणि पोरगं आलं परत. वडील मात्र कधी काही बोलले नाहीत.

आप्पांनी बेळगावात बीएस्सी केलं, बीएड केलं, हायस्कुलात लागले. आणि १९७३ च्या दिवाळीनंतर आपल्या घराच्या पडवीत दर रविवारी सकाळी सात वाजता मिलिटरी स्कूलच्या प्रवेश परीक्षेचा वर्ग सुरू केला. फी नाही. तो वर्ग त्यांनी गेल्या वर्षापर्यंत चालवला. पन्नास वर्षं. मधे काकींचं ऑपरेशन झालं तो एक रविवार आणि करोनातले महिने, एवढाच खाडा.

ट्रंकेत एक पट्टा निघाला, पितळेचं बक्कल ब्रासोनं घासून घासून गुळगुळीत झालेलं. ब्लेझरच्या खिशावरचं चिन्ह. आणि अकरा जाड वह्या. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर शाळेचं ब्रीद, 'शीलं परं भूषणम्', आणि मग मुलांची नावं. कुठल्या गावचा, बापाचं काम काय, गणित कसं, इंग्रजी कसं. पुढं निकाल.

मी रात्रभर वाचत बसलो. लागले ते ४३. लागले नाहीत ते सव्वाशेच्या वर. मला वाटलं होतं, त्यांच्यापुढं रेघ मारून विषय संपवला असेल. तसं नाही. वर्षं उलटल्यावर, वेगळ्या शाईनं, त्यांच्यापुढंही लिहिलंय. "होसूरला गवंडीकाम. माप चुकत नाही." "कोल्हापूरला लेथवर. स्वतःचं मशीन घेतलं." "बस कंडक्टर. हिशेब चोख." "वडील वारले, शेती बघतो. धाकट्याला पाठवणार म्हणतो." एकापुढं नुसतं, "भेटला. बरा आहे."

इथं बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगडकडचे खूप लोक आहेत. कुणी आप्पांच्या पडवीत बसलं असेल, कुणी त्या शाळेत असेल, तर लिहा. वाचायचं आहे.

तिसरे_गेट

राजहंसगड, डोळ्यांत पाणी आलं. मी त्या शाळेतला नाही, पण टिळकवाडीत वाढलो. रविवारी त्या मुलांना बाहेर सोडायचे तेव्हा दोघं-दोघं, तिघं-तिघं खडेबाजारात दिसायची. एकसारखा गणवेश, बूट लखलखीत. आमच्या दुकानात यायची. एक जण पैसे द्यायचा आणि बाकीचे आपापल्या वाट्याचे लगेच त्याच्या हातावर मोजायचे. माझे वडील म्हणायचे, "बघ, उधारी कशी राहत नाही ते."

तुमचे आप्पा मी बघितलेत असं आता वाटायला लागलंय. जूनमध्ये एक धोतर-टोपीतले गृहस्थ डोक्यावर ट्रंक घेऊन, मागं एक बारकं पोरगं, असे स्टँडवरून चालत जायचे. रिक्षा करायचे नाहीत. तेच का?

राजहंसगड

तेच. धोतर नव्हे, पायजमा. टोपी होती. प्रत्येक पोराला स्वतः फाटकापर्यंत पोचवायचे. ट्रंक खाली ठेवायची, पोराची कॉलर नीट करायची, आणि स्वतः बाहेर थांबायचं. त्यांना आत सोडलं असतं, तिथले सगळे ओळखत होते. पण नाही. मी मागं वळून बघितलं तेव्हा ते टोपी हातात घेऊन सरळ उभे होते. पाय जुळवून.

पुढं सुट्टीत मी विचारलं, आप्पा तुम्ही आत का नाही आला? म्हणाले, "आत जायचं ते तुझं होतं. मी जाऊन आलो की."

निपाणीची_वहिनी

खूप सुंदर लिहिलंय. एक विचारते, राग मानू नका. माझा मुलगा पाचवीत आहे. सैनिक स्कूल आणि मिलिटरी स्कूल हे एकच का? आमच्याकडं सगळे गोंधळ करतात. आणि वडील सैन्यात नसतील तर घेतात का? आमचे हे तंबाखूच्या वखारीत हिशेबाला आहेत.

राजहंसगड

वहिनी, राग कसला? हे विचारणं आप्पांना सगळ्यात आवडलं असतं.

दोन्ही वेगळ्या. सैनिक स्कूल १९६१ पासून. पहिली आपल्या साताऱ्याची, २३ जून १९६१ ला सुरू झाली. कर्नाटकात विजापूरची १९६३ ची. त्या सैनिक स्कूल सोसायटीच्या. मिलिटरी स्कूल बहुतेक त्याआधीच्या आणि थेट सैन्याच्या प्रशिक्षण विभागाखाली चालतात. देशात त्या पाचच: चैल (जालंधरची ती हीच, पुढं तिकडं हलली), अजमेर, बेळगाव, बेंगळुरू आणि ढोलपूर. दोन्हींच्या प्रवेश परीक्षा वेगवेगळ्या, फॉर्म वेगळे. एकाचा भरला म्हणजे दुसऱ्याचा भरला असं नाही. आमच्या गावचं एक हुशार पोरगं ह्याच घोळात राहिलं.

मिलिटरी स्कूलला सहावीला आणि नववीला घेतात. सहावीसाठी वय दहा ते बारा. गणित, इंग्रजी, बुद्धिमत्ता आणि सामान्य ज्ञान, मग मुलाखत आणि वैद्यकीय. मोठा वाटा जवान आणि जेसीओंच्या, म्हणजे सुभेदार वगैरे हुद्द्यांच्या मुलांचा, पण नागरिकांच्या मुलांनाही जागा असतात. माझे वडील गवंडी होते. फॉर्मची मुदत आणि आरक्षणाचं त्या-त्या वर्षीचं पत्रक नीट वाचायचं, दुसऱ्याच्या तोंडी माहितीवर जायचं नाही. वयाचा दाखला आत्ताच काढून ठेवा. शाळेतल्या नोंदीत आणि जन्मदाखल्यात तारीख वेगळी असेल तर ती दुरुस्त व्हायला वेळ जातो.

आणि आधी डोळे तपासा. आप्पांचा पहिला नियम. पुस्तक उघडायच्या आधी डोळे. पुढं अधिकारी व्हायला एनडीए अकादमीत जायचं स्वप्न असेल तर रंगांचा दोष अकराव्या वर्षीच कळू दे, अठराव्या वर्षी नको.

ह्याचंही सांगतो. आप्पांनी पुण्याहून ते ठिपक्यांचं पुस्तक मागवलं होतं. पण ते स्वतः तपासणार कसे? म्हणून काकी पोराला पुढं घेऊन बसायच्या. एकेक पान उलटायचं, पोरगं आकडा सांगणार, काकी मागच्या यादीशी ताडून खूण करणार. आणि आप्पा भिंतीकडं तोंड करून बसायचे. पुस्तकाकडं बघायचेच नाहीत. पोरगं भराभर आकडे सांगत गेलं की त्यांचे खांदे सैल झालेले आम्हांला मागून दिसायचे. एकदा एक पोरगं तिसऱ्या पानाला थांबलं. काकींनी काहीच सांगितलं नाही, नुसतं पुस्तक मिटलं. आप्पा उठले, त्या पोराला घेऊन मळ्यात गेले आणि दुपारपर्यंत परत आले नाहीत. ते पोरगं पुढं आमच्यातलं सगळ्यात चांगलं गणित शिकलं. आज ते लेकरांना शिकवतंय.

कडोलीकर_पाटील

धागा चांगला आहे आणि आप्पांबद्दल आदर आहे. पण दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो. माझ्या चुलतभावाला दहाव्या वर्षी अशाच एका निवासी शाळेत घातलं होतं. कुठली ते सांगत नाही. त्याला जायचं नव्हतं. वडिलांची हौस. रात्री उशी तोंडावर धरून रडायचा, पत्रात मात्र "मी मजेत आहे" लिहायचा, कारण पत्र मोठी मुलं वाचायची. दोन वर्षांनी परत आणला. आज पन्नाशीला आला, अजून रात्री दार आतून दोनदा बघून झोपतो. शाळेवर जीव लावणारे लोक भेटतात, बोलतात, लिहितात. जी पोरं मोडून परत आली ती कुठं लिहिणार? त्यांचं काय?

राजहंसगड

पाटील, तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत. ह्यावर मी गुळमुळीत उत्तर देणार नाही.

मीही रडलोय. पहिले तीन महिने. घरापासून काही किलोमीटरवरच होतो आणि घर दिसत नव्हतं. सकाळी पीटी, मग नाश्ता, वर्ग, खेळ, संध्याकाळी प्रेप म्हणजे अभ्यासाचा तास, रोल कॉल, दिवे बंद. दिवसभर काही वाटत नाही. दिवे बंद झाल्यावर वाटतं. बाजूच्या कॉटवरचं पोरगं बिहारचं. त्याचं घर दोन दिवसांच्या गाडीवर. मी त्याच्यापुढं काय रडणार, असं वाटून थांबलो. पण प्रत्येकाला बाजूला कुणी भेटतंच असं नाही, हे मला मान्य आहे. मोठ्यांनी बारक्यांना त्रास द्यायचा हा प्रकार निवासी शाळांत होता, त्याचं कौतुक करणारे लोक मला आवडत नाहीत. आप्पांना तर मुळीच नाही.

म्हणून आप्पांची एक पद्धत होती. फॉर्म भरायच्या आधी पोराला एकट्याला घेऊन दीपमाळेपाशी जायचे. बापाला यायला मनाई. तिथं पोराला विचारायचे, "तुला जायचंय का तुझ्या बापाला?" पोरानं खाली बघितलं की फॉर्म नाही. बाप कितीही भांडू दे. एक बाप पाटीलच होते, हायस्कूलच्या संचालक मंडळापर्यंत तक्रार घेऊन गेले, आप्पा बधले नाहीत. आणि ज्या पोराला जायचं असेल त्यानं महिनाभर आप्पांकडं पडवीत झोपायचं. आपलं अंथरूण आपण घालायचं, आपले कपडे आपण धुवायचे, ताट आपण घासायचं. त्या महिन्यात दोघं-तिघं तरी रात्री उठून घरी पळायचे. आप्पा सकाळी त्यांच्या घरी जाऊन सांगायचे, "ह्याला हितंच शिकवा. चांगलं पोरगं हाय, पण हितलं हाय." वहीत अशांपुढं लिहिलंय, "घरचा." त्या शब्दात कमीपणा नाही हो. मी ती पानं बघितलीत.

तुमच्या भावाला कुणी दीपमाळेपाशी नेलं नाही, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कडोलीकर_पाटील

वाचलं. भावालाही वाचायला दिलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "घरचा, हे बरं लिहिलंय." एवढंच.

घटप्रभेकाठी

नमस्कार. माझी घरची भाषा कन्नड, मराठी वाचतो, लिहिताना चुका होतील, सांभाळून घ्या. मी हुक्केरीकडचा. १९९१ ते ९३ आप्पांच्या पडवीत होतो. आत्याचं घर त्या गावी, शनिवारी बसनं यायचो, रविवारी संध्याकाळी परत.

त्या वर्षी वर्गात आम्ही दोघं कन्नड शाळेतले होतो, बाकी सगळे मराठी. मला भीती होती. तेव्हा बाहेर वातावरण कसं असायचं ते तुम्हांला सांगायला नको. पाटी कुठल्या भाषेत, बस कुणाची, ह्यावरून दगड पडायचे. आप्पा पहिल्या दिवशी फळ्यावर गणित लिहिलं आणि आधी मराठीत सांगितलं, मग कन्नडमध्ये, मग इंग्रजीत. तिसऱ्यांदा सांगून झाल्यावर म्हणाले, पेपर इंग्रजीत येणार, म्हणजे सगळ्यांनाच परका, सगळे सारखे. त्यांचं कन्नड आमच्या आजीसारखं होतं, जुनं.

दीपमाळेचं गणित कुणाला आठवतं का? सकाळी नऊ वाजता हातभर काठी उभी करायची, तिची सावली मोजायची, मग दीपमाळेची सावली मोजायची आणि उंची काढायची. उत्तर काढून झाल्यावर एक पोरगं वर चढवायचे आणि सुतळी सोडून खरी उंची मोजायचे. माझं उत्तर चार बोटं चुकलं होतं. आप्पा म्हणाले, "गणित बरोबर हाय, काठी तिरकी धरलीस."

मी लागलो नाही. आज बागलकोटकडं पाटबंधारे खात्यात सर्वेक्षणाला आहे. काठी सरळ धरतो. माझ्यापुढं काय लिहिलंय ते बघून सांगाल का?

राजहंसगड

सातवी वही, १९९३. तुमच्या नावापुढं आधी "इंग्रजीत ४ मार्कांनी गेलं. माझी चूक, व्याकरण उशिरा घेतलं" असं आहे. खाली निळ्या शाईनं, "धरणावर सर्व्हेअर. पेढे घेऊन आला. काठीची आठवण काढली."

घटप्रभेकाठी

ಆಠवत होतं त्यांना.

घटप्रभेकाठी

माफ करा, कीबोर्ड बदलायचा राहिला. आठवत होतं त्यांना, असं लिहायचं होतं.

निवृत्त_सुभेदार

जय हिंद मंडळी. मी शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचा. आमच्या गावात घरटी एक फौजी. मी मराठा लाइट इन्फंट्रीचा, भरती आणि शिकवणी बेळगावच्या सेंटरलाच. सेंटर तिथं १९२२ पासून. नंतर तिथंच तीन वर्षं उस्ताद होतो, तेव्हा हे मास्तर परवानगीचा अर्ज घेऊन यायचे, पोरांना शरकतच्या लढाईचं स्मारक दाखवायला. सोबत पंधरा-वीस पोरं, सगळी रांगेत, सगळ्यांच्या हातात वही. मला वाटलं, सहल आहे. सहल नव्हती. मास्तर स्मारकापुढं पोरांना उभं करायचे आणि विचारायचे, नाईक यशवंत घाडगे कुठं पडले? इटली, १० जुलै १९४४. शिपाई नामदेव जाधव? सेनिओ नदी, ९ एप्रिल १९४५, आणि ते जिवंत परतले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. पोरं घडाघडा सांगायची.

मग मास्तर आणखी एक प्रश्न विचारायचे, तो मी विसरलो नाही. "त्यांच्या पोरांना कुणी शिकवलं?" पोरं गप्प. मास्तरही गप्प. मग म्हणायचे, "म्हणून शाळा निघाली. ज्याच्या बापानं दिलं त्याच्या पोराला देणं लागतंय म्हणून. तुमच्यातल्या ज्याचा बाप फौजी नाही त्यानं ती जागा उसनी घेतलीय समजायचं आणि फेडायची."

मी साधा माणूस आहे. अधिकारी झालेले जॉर्जियन साहेब खूप बघितले, चांगले होते. पण शाळेचं देणं असं फेडणारा हा एकच बघितला, आणि ह्याच्या अंगावर वर्दीही नव्हती.

तिसरे_गेट

सुभेदारसाहेब, सलाम.

राजहंसगड, एक विचारायचं राहिलं. जुन्या विद्यार्थ्यांचे मेळावे होतात तिथं आप्पा जायचे का? तिथं तर सगळे कर्नल, ब्रिगेडियर. त्यांना कसं वाटत असेल?

राजहंसगड

जायचे. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, शाळेचा टाय. टायची गाठ अजून एका झटक्यात बसायची. मागच्या रांगेत बसायचे. आपण काही झालो नाही, असं त्यांना वाटायचं का, हा प्रश्न मी बरीच वर्षं मनात घेऊन होतो आणि विचारायचं धाडस झालं नाही. मी स्वतः गणवेशात, ते पायजम्यात. मलाच अवघडायचं.

एकदा मी सुट्टीवर आलो असताना त्यांच्या बॅचचे एक निवृत्त साहेब आप्पांना भेटायला गावी आले. शेणानं सारवलेल्या पडवीत मांडी घालून बसले. काकींनी रताळी उकडून दिली. (पोरांचे आईबाप फी म्हणून काही द्यायला गेले तर आप्पा घ्यायचे नाहीत. मग लोक पहाटे पडवीच्या कोपऱ्यात रताळ्यांची पाटी ठेवून निघून जायचे. कुणाची ते कळायचं नाही, परत कुणाला करणार?) त्या साहेबांनी विचारलं, इतकी वर्षं हे का करतोस? शाळेनं तर तुला काही मागितलं नाही. आप्पा रताळं सोलत होते. म्हणाले, "तपासणीत नापास झालो त्या रात्री स्टेशनवर बसलो होतो. सगळं गेलं असं वाटत होतं. बसल्या बसल्या हातानं बूट पुसत होतो. रुमालानं. नुसती सवय. मग लक्षात आलं, ही सवय तर कुणी काढून घेतली नाही. ठिपके दिसेनात, पण शाळेनं दिलेलं सगळं अंगावर तसंच हाय. मग ते घेऊन गावी आलो."

साहेब पुढं काही बोलले नाहीत. जाताना अंगणात सावधान झाले आणि आप्पांना सॅल्यूट केला. आप्पांच्या डोक्यावर टोपी नव्हती, हातात रताळ्याची सालं. त्यांनी सालं खाली ठेवली, नुसते पाय जुळवले. मी दारात उभा होतो.

निपाणीची_वहिनी

हे सगळं वाचून माझ्या मुलाला मोठ्यानं वाचून दाखवलं. त्याला दीपमाळेवर चढायचं आहे म्हणतो. त्याच्या पाठची मुलगीही म्हणते मी जाणार. मुलींना घेतात का?

राजहंसगड

घेतात वहिनी. २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं एनडीए अकादमीची परीक्षा मुलींना खुली झाली आणि पाठोपाठ २०२२ पासून मिलिटरी स्कूलमध्येही मुलींना सहावीला प्रवेश सुरू झाला. आप्पांनी ती बातमी पेपरातून कापून वहीत चिकटवलीय. त्या रविवारी पोरांना म्हणाले, "आता ह्या पडवीत निम्म्या जागा मोकळ्या करा." शेवटच्या वहीत तीन मुलींची नावं आहेत. एक बेळगुंदीकडची, तिचं गणित बघून आप्पा तिला वरच्या इयत्तेची उदाहरणं घालायचे. तिची परीक्षा अजून व्हायची आहे. तिच्यापुढचा रकाना मोकळा आहे.

तेच सांगायला परत आलो. परवा काकींनी त्या मुलीला घरी बोलावून घेतलं, डोळ्यांचं पुस्तक काढलं आणि सगळी पानं वाचून घेतली. ह्या वेळी भिंतीकडं तोंड करून बसायला कुणी नव्हतं. सगळी पानं बरोबर आली. मग काकी मला म्हणाल्या, "ट्रंक माळ्यावर चढवू नकोस. झाकणात जागा हाय अजून."

तर रविवारचा वर्ग पुन्हा सुरू करतोय, येत्या रविवारपासून. गणित मी घेईन. सामान्य ज्ञान सुभेदारसाहेब महिन्यातून एकदा येऊन घेणार म्हणालेत, फोन झाला. इंग्रजी कोण घेईल? व्याकरण लवकर घ्यायचंय. आप्पांनी वहीत बजावून ठेवलंय.

कडोलीकर_पाटील

इंग्रजी माझा भाऊ घेईल. हायस्कुलात तोच विषय शिकवतो. म्हणाला, अट एकच, फॉर्म भरायच्या आधी पोरांशी दीपमाळेपाशी मी बोलणार.

राजहंसगड

त्यांना सांगा, ते कामच त्यांचं.

निपाणीची_वहिनी

दोघांना घेऊन येते. निपाणीहून पहाटेची गाडी धरली तरी बेळगावला सातपर्यंत पोचणं जमणार नाही. आठ चालतील का?

राजहंसगड

पहिल्या दिवशी आठ चालतील. पुढच्या वेळी शनिवारी संध्याकाळीच या, पडवीत झोपायची सोय आहे. सेंट्रल स्टँडवरून राकसकोपची बस धरा, कंडक्टरला आप्पांची पडवी म्हणून सांगा. त्या मार्गावर दोन कंडक्टर आपलेच आहेत, दोघंही वहीत आहेत. मुलांना स्वतःची वही, पेन्सिल आणि हातभर सरळ काठी आणायला सांगा.